सोनकांबळे साहेबांची शिडी

चाकूरच्या त्या सरकारी कार्यालयात शिडीवरून आजवर कुणीही पडलं नव्हतं, कारण कार्यालयात शिडीच नव्हती. खात्याचं नाव मुद्दाम सांगत नाही; खातं लहान आहे आणि माणसं हळवी आहेत. एवढंच सांगतो की तिथं जुनी दप्तरं जपून ठेवतात. निजामाच्या काळापासूनची रजिस्टरं लाल कापडाच्या बस्त्यांत बांधून थेट छतापर्यंत रचलेली आहेत. कुणाला एखादी जुनी नोंद हवी असली की शिपाई शेषेराव टेबलावर खुर्ची ठेवी, खुर्चीवर स्टूल ठेवी, स्टुलावर स्वतः उभा राही आणि बस्ता काढी. स्टुलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली शेषेराव घडी घातलेला कागद सारी, आणि तो कागद कोरा असावा एवढी काळजी अव्वल कारकून ग्यानोबा सोनकांबळे घेत. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

पडला तो दुसऱ्याच जिल्ह्यातला, दुसऱ्याच खात्यातला एक कारकून. पंखा पुसायला चढला आणि पाय मोडून घेतला. त्याच्या पायाला प्लास्टर लागायच्या आत सगळीकडं परिपत्रक गेलं: 'कार्यस्थळी शिडीचा सुरक्षित वापर'. चौदा पानं, बावीस नियम आणि शेवटी एक परिशिष्ट. परिशिष्टात लिहिलं होतं की प्रत्येक कार्यालयात एक 'शिडी सुरक्षा समन्वयक' असावा.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी लातूरहून अधिकारी शिल्पा देशमाने मॅडम आल्या आणि त्यांनी विचारलं, "समन्वयक कोण होतंय?"

कार्यालयात पाच माणसं. चौघांनी आपापल्या फायलीत डोकं घातलं. ग्यानोबांनीही घातलं असतं, पण नेमका त्याच वेळी कूलरनं त्यांच्या तोंडावर पाण्याचा सपकारा मारला आणि तो चुकवायला त्यांनी हात वर केला.

"छान. सोनकांबळे," मॅडम म्हणाल्या, आणि लिहून घेतलं.

खरं सांगायचं तर ग्यानोबांना मनातून बरंच वाटलं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावाचे आदेश निघाले होते ते सगळे बदलीचे. नवं पद कधी मिळालं नव्हतं. संध्याकाळी जेवताना त्यांनी आदेश बायकोला वाचून दाखवला. महामायाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कुठलाही कागद आधी तपासायचा आणि मग ऐकायचा अशी त्यांची सवय.

"यानं सुट्टी वाढती का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग काय मिळतं?"

"जिम्मेदारी."

"ती घरात बी हाय की. घ्या म्हणलं तर घेत न्हाईत," महामायाताई म्हणाल्या आणि भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी ग्यानोबांनी पहिला हुकूम काढला. टेबल, खुर्ची, स्टूल यांपैकी कशावरही उभं राहायचं नाही. शेषेरावची सही घेतली. स्टूल कुलपात गेलं. त्या क्षणापासून कार्यालय अगदी सुरक्षित झालं. कुणी वर चढेना, कुणी पडेना, आणि वरच्या तीन फळ्यांवरचं एकही दप्तर खाली येईना.

तिसऱ्या दिवशी सरजाबाई आल्या.

सरजाबाई सत्तरीच्या. जवळच्याच खेड्यातल्या, हातात काठी, कपाळावर पदर नीट ओढलेला. बरोबर बारावी झालेली नात, लुंबिनी. लुंबिनीला नर्सिंगला जायचं होतं. त्यासाठी जात पडताळणीचा दाखला पाहिजे होता, आणि पडताळणीवाल्यांनी त्रुटी काढली होती की धर्मांतराच्या आधीचा, घराण्याच्या जातीचा पुरावा द्या. सरजाबाईंचे सासरे धोंडिबा गावचे येसकर, म्हणजे वेशीची राखण करणारे, होते. त्यांचं नाव सन एकोणीसशे एकोणपन्नासच्या गावकामगारांच्या रजिस्टरात होतं, हे सरजाबाईंना पक्कं ठाऊक होतं, कारण धोंडिबा मरेपर्यंत ते अभिमानानं सांगत.

ग्यानोबांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. स्वतःच्या मुलीच्या वेळी याच कागदासाठी त्यांनी तीन तालुके पालथे घातले होते. त्यांनी मान वर करून बघितलं. एकोणपन्नास सालचा बस्ता सगळ्यात वरच्या फळीवर होता.

"आजी, शिडी येऊन राहिलीय. आली की लगीच काढू."

"आन शिडी येईस्तोवर?"

"थांबावं लागंल."

सरजाबाईंनी शेषेरावकडं बघितलं. शेषेराव कुलपातल्या स्टुलाच्या दिशेनं बघत होता.

"शेवटची तारीख पुढच्या महिन्यात हाय का?" ग्यानोबांनी विचारलं.

"याच महिन्यात," लुंबिनी म्हणाली. "चौथ्या गुरुवारी, पाचच्या आत. लातूरला."

शिडी आली ती शनिवारी, कार्यालय बंद असताना. टेम्पोवाल्यानं कागदावर ग्यानोबांचं नाव वाचलं, चौकात विचारलं आणि शिडी घेऊन सरळ घरी आला. चकचकीत अॅल्युमिनियमची, घडीची, उघडली की तंबूसारखी उभी राहणारी. ग्यानोबांनी खूप सांगितलं की ती सोमवारी कार्यालयात आणा. टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, कागदावर तुमचं नाव हाय, हापिसाचं न्हाई," आणि सही घेऊन गेला.

शिडी घरात मावेना. अंगणात आडवी ठेवली तर गल्लीत तिचा एक हात जाई. अर्ध्या तासात शेजारचे आप्पासाहेब आले. आप्पासाहेब बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी एकही बांधकाम केलं नव्हतं, पण दुसऱ्याचं एकही सोडलं नव्हतं. त्यांनी शिडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, तिला दोन टिचक्या मारल्या आणि निकाल दिला.

"हलकी हाय. आमच्या काळात शिडी उचलायला चार माणसं लागायची."

"हलकी असणं चांगलं, आप्पासाहेब."

"चांगलं म्हणून राहिलेत तर म्हणा. भितीला टेकवताना चार फूट उंचीला एक फूट पाया सोडायचा, हे तरी माहीत हाय का?"

"ते टेकवायच्या शिडीला. ही उघडून उभी करायची असती. नियम सहा."

आप्पासाहेबांना कॉलनीत कुणी नियमाचा क्रमांक सांगून गप्प केलेलं हे पहिलंच. ते घरी गेले आणि त्यांनी पत्नीला पाठवलं. विठाबाईंना शेवग्याच्या शेंगा काढायच्या होत्या. ग्यानोबांनी त्यांच्या अंगणाची पाहणी केली, जमिनीवर वाटीभर पाणी ओतलं, ते घरंगळत कुठं जातं ते बघितलं आणि जमीन समतल नाही म्हणून नकार दिला. विठाबाई म्हणाल्या की वीस वर्षं या जमिनीवर त्यांचा संसार उभा आहे, तो कुठं घरंगळला नाही. त्या दोन दिवस महामायाताईंशी बोलल्या नाहीत.

रविवारी सकाळी ग्यानोबा दाढी करून बाहेर आले तर शिडी गायब. सरकारी मालमत्ता, अजून कार्यालयातल्या सामानाच्या जडसंग्रह नोंदवहीत नोंदसुद्धा नाही. मग महामायाताईंनी शांतपणे सांगितलं, "विहारात दिलीय. बुद्धपौर्णिमेच्या माळा लावायच्यात. महिला मंडळाची सेक्रेटरी मीच हाव, विचारायचं कुणाला?"

ग्यानोबा धावत विहारात गेले. तिथं शिडी अर्धवट उघडलेली, मधल्या पट्ट्या न अडकवलेल्या, आणि वरच्या टोकावर एक उत्साही गृहस्थ उभे. ग्यानोबांनी त्यांना खाली उतरवलं आणि तिथंच बावीस नियम सांगितले. शिडीकडं तोंड करूनच चढायचं, तसंच उतरायचं. दोन पाय आणि एक हात कायम शिडीवर. वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. हात पोचत नसेल तर वाकायचं नाही, उतरून शिडी सरकवायची. लोकांनी सगळं ऐकून घेतलं. पाळणं मात्र त्यांना वेळखाऊ वाटलं, कारण प्रत्येक चार फुटांना उतरायचं आणि शिडी सरकवायची म्हणजे माळा लागायला दुपार होणार. ती झालीच. तोवर ग्यानोबा उन्हात शिडीजवळ उभे होते, कारण आपण हललो की लोक वाकणार याची त्यांना खात्री होती. संध्याकाळी त्यांच्या मानेचा रंग बस्त्याच्या कापडासारखा झाला होता. पण माळा सरळ रेषेत लागल्या होत्या, आणि विहारातून निघताना एका बाईनं दुसरीला सांगितलं, "शिडीवाले साहेब ते." ग्यानोबा नुसते चालत घरी गेले नाहीत, जरा ताठ चालत गेले.

सोमवारी शिडी कार्यालयात न्यायची होती. पुढं शेषेराव, मागं ग्यानोबा, मध्ये शिडी. बाजाराच्या वळणावर शेषेराव उजवीकडं वळला. शिडी सरळ वस्तू असल्यामुळं तिचं मागचं टोक डावीकडं फिरलं आणि रसवंतीच्या मांडवात शिरलं. बाहेर आलं तेव्हा त्याला घुंगरांची माळ अडकलेली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. भर बाजारातून ते दोघं छुम छुम करत चालले आणि मागून रसवंतीवाला हाका मारत आला. लोक दुकानातून बाहेर येऊन बघू लागले. एकानं हात जोडले. त्याला वाटलं कुठल्या तरी देवाचं काही चाललंय. कार्यालयात पोचल्यावर ग्यानोबांनी परिपत्रकात बघितलं. शिडी वाहून नेण्यावर नियम चौदा होता. वळण्याआधी मागं बघावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

आता शिडी कार्यालयात आली होती. पण तिच्यावर चढता येत नव्हतं.

पहिली अडचण रंगाची. जडसंग्रह नोंदवहीचा नियम असा की प्रत्येक वस्तूवर क्रमांक रंगवलेला पाहिजे. परिपत्रकाचा नियम असा की शिडीवर रंग लावू नये, रंगाखाली तडे झाकले जातात. ग्यानोबांनी लातूरला पत्र लिहिलं. लातूरहून उत्तर आलं की क्रमांकाचा पुठ्ठा दोरीनं बांधावा. ग्यानोबांनी कळवलं की शिडीला लोंबती वस्तू बांधायला नियम अकराची मनाई आहे. त्यावर लातूर आठ दिवस गप्प राहिलं. शेवटी महामायाताईंनी शाळेच्या वहीला चिकटवायचं लेबल दिलं. त्यावर 'नाव' या रेघेवर शिडी, 'इयत्ता' या रेघेवर घडीची आणि 'विषय' या रेघेवर क्रमांक लिहून ते चिकटवण्यात आलं.

दुसरी अडचण वजनाची. शिडीवर कमाल भार शंभर किलो लिहिलेला. चढणारा माणूस आणि त्याच्या हातातलं सामान मिळून शंभरच्या आत पाहिजे. म्हणजे प्रत्येकाचं वजन माहीत पाहिजे. ग्यानोबा सगळ्या कर्मचाऱ्यांना घेऊन ओळखीच्या आडतीवर गेले. तिथं सोयाबीनचे कट्टे मोजायचा काटा होता. हमालानं एकेकाला उभं केलं आणि सवयीप्रमाणं मोठ्यानं पुकारलं. शेषेराव एक्कावन्न. ग्यानोबा काट्यावर चढले तेव्हा हमालानं आकडा दोनदा बघितला आणि पुकारला, "शहाण्णव." आडतीवर बसलेल्या एका शेतकऱ्यानं सहज विचारलं, "ओलावा किती?"

ग्यानोबा पटकन काट्यावरून उतरले. पण पारदर्शकता म्हणून सगळ्यांची वजनं फलकावर लावायची असं त्यांनीच आधी जाहीर केलं होतं, ते आता मागं घेता येईना.

तिसरी अडचण प्रशिक्षणाची. शेषेराव हलका, त्याला तयार करायचं ठरलं. रोज चार वाजता ग्यानोबा वाचायचे आणि शेषेराव फक्त खालच्या दोन पायऱ्या चढायचा, कारण मॅडमनी येऊन तपासणी करून प्रमाणपत्र दिल्याशिवाय त्याहून वर जायचं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी शेषेराव घामाघूम झाला.

"काय झालं?"

"साहेब, लई भ्या वाटून राहिलंय."

"दुसऱ्या पायरीवर? तू छताला हात लावायचास की रे."

"स्टूल हालायचं. हालायचं म्हून कळायचं, आपण कुठं हाव. ही हालतच न्हाई. काय भरवसा धरावा?"

आणि या सगळ्या दिवसांत दर दोन दिवसांनी सरजाबाई येत होत्या. व्हरांड्यातल्या बाकावर बसत, पाणी पीत, आणि उघड्या दारातून रेकॉर्ड रूममध्ये उभी असलेली शिडी बघत.

"आलीय न्हवं शिडी?" त्या म्हणत.

"आलीय, आजी. पण प्रमाणपत्र यायचंय."

"शिडीचं?"

"चढणाऱ्याचं."

"माझ्या नातीला एक प्रमाणपत्र मिळायला तुमाला दुसरं लागतंय," सरजाबाई एकदा म्हणाल्या. रागानं नाही, नुसतं समजून घेण्यासाठी. ग्यानोबांना त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. नियम चुकीचे नव्हते. एकेक वाचला तर प्रत्येक बरोबर होता. त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारकुनाचा पाय खरंच मोडला होता, आणि शेषेरावचा बावीस वर्षांत मोडला नाही हे निव्वळ नशीब, हेही ग्यानोबांना पटलेलं होतं. पण बाकावर बसलेली ती बाई कुठल्याच नियमात बसत नव्हती.

मॅडमनी तपासणीची तारीख दिली ती नेमकी चौथ्या गुरुवारची. अकरा वाजता.

ग्यानोबांनी तयारी केली. फरशी पुसून कोरडी करून घेतली. शिडी उघडली, मधल्या पट्ट्या खट्‌कन बसवल्या. चपलेनं चढू नये म्हणून नवे रबरी तळाचे बूट आणले. सरजाबाई आणि लुंबिनी दहालाच येऊन बसल्या. अकरा वाजले. बारा वाजले. साडेबाराला मॅडमचा फोन आला की मीटिंग लांबली, दोनपर्यंत येते.

ग्यानोबांनी हिशेब केला. दोनला मॅडम येणार, तपासणी होणार, प्रशिक्षणाचं प्रात्यक्षिक होणार, प्रमाणपत्र लिहिलं जाणार, मग शेषेराव थरथरत चढणार, बस्ता उतरणार, नोंद सापडणार, नक्कल लिहायची, तिच्यावर मॅडमची सही घ्यायची. तोवर चार. चाकूरहून लातूर तासाभराचं, आणि तेही एसटी वेळेवर आली तर. जमत नव्हतं. मॅडम यायच्या आत नक्कल तयार असली तरच जमणार होतं.

त्यांनी परिपत्रक पुन्हा काढलं. कर्मचाऱ्याला प्रमाणपत्राशिवाय चढवू नये, असं लिहिलेलं होतं. समन्वयकाला प्रमाणपत्र कोण देणार, याबद्दल चौदाही पानं गप्प होती. शिडीचा पहिला वापर तपासणीनंतर करावा हे मात्र स्वच्छ लिहिलं होतं. ग्यानोबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं, आणि कागद मिटला.

"शेषेराव, तू दाराच्या भाईर थांब. दार लावून घे. मी चढून राहिलोय. आत कुणालाच सोडायचं न्हाई."

"कुणालाच?"

"कुणाला म्हंजे कुणालाच. दार उघडलं तर शिडीला लागतं. नियम सोळा."

लुंबिनी अर्जाची झेरॉक्स आणायला गेली होती. सरजाबाई बाकावरून उठल्या. "मी धरते," त्या म्हणाल्या.

"आजी, ही शिडी धरावी लागत न्हाई."

"तुमाला धरायला लागत नसंल. मला धरल्याबगर बघवायचं न्हाई," त्या म्हणाल्या आणि आत येऊन शिडीच्या पायाशी दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या.

ग्यानोबांनी खिसे रिकामे केले. किल्ल्या, मोबाइल, पेन, डबी, चष्मा, सगळं टेबलावर ठेवलं. शहाण्णव किलोचा माणूस ग्रॅमसुद्धा वाया घालवू शकत नाही. मग नवे बूट घालून, शिडीकडं तोंड करून एकेक पायरी चढले. चौथ्या पायरीवर छतातली उष्णता डोक्याला लागली. पाचव्या पायरीवर बस्ते समोर आले. बस्त्यांवर चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठ्यांवर काहीतरी लिहिलेलं होतं. ते काय हे चष्म्याशिवाय कळत नव्हतं.

"आजी, वरच्या चिठ्ठ्या खालून दिसतात का?"

"दिसतात की."

"काय लिहिलंय?"

"मला वाचता येत असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते?" सरजाबाई म्हणाल्या.

पुन्हा उतरायचं तर आणखी पाच मिनिटं. सरजाबाईंनी टेबलावरचा चष्मा उचलला, काठीच्या मुठीला अडकवला आणि काठी वर धरली. ग्यानोबांनी एका हातानं शिडी पकडून दुसऱ्या हातानं चष्मा घेतला आणि नाकावर चढवला. एकोणपन्नास. डावीकडून तिसरा. हात पोचण्यासारखा होता, वाकावं लागलं नाही.

पण बस्ता चांगला आठ-नऊ किलोचा. शहाण्णव आणि आठ, एकशे चार. ग्यानोबांनी ठरवलं, बस्ता हलवायचाच नाही. तिथंच फळीवर सोडायचा आणि हवं ते एक रजिस्टर काढायचं. एक हात शिडीवर पाहिजे होता, म्हणून गाठ एकाच हातानं सोडायची होती. ती गाठ शेषेरावची होती, आणि शेषेराव गाठ मारायचा ती पुन्हा कुणी सोडणार नाही या हिशेबानं. बोटांनी सुटेना. मग शिडी सुरक्षा समन्वयकांनी मान पुढं केली आणि गाठ दातात धरली. सत्तर वर्षांची धूळ नाकात गेली.

नेमकं तेव्हाच बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. मॅडम दोन म्हणाल्या होत्या. एक वाजून वीस मिनिटांनी आल्या.

"दार का बंद आहे?" मॅडमचा आवाज.

"आत शिडी हाय," शेषेराव म्हणाला.

"शेषेराव, मी देशमाने."

"वळखलं की, मॅडम. बसा बाकावर. पाणी आणू का?"

"दार उघडा."

"न्हाई जमायचं. नियम सोळा. दार लावायचं आन भाईर माणूस उभा करायचा. त्यो माणूस मीच हाव."

"तो नियम मीच पाठवलाय तुम्हाला."

"म्हून तर पाळून राहिलो."

वर ग्यानोबांच्या दातात गाठ होती. सोडली तर पुन्हा आवळणार, धरली तर बोलता येईना. त्यांनी घशातून एक आवाज काढला. तो मॅडमना काय वाटला कोण जाणे, पण त्यांनी पुन्हा दार वाजवलं नाही. तेवढ्यात लुंबिनीचा आवाज आला, मग बाकडं करकरलं, आणि दोघींचं हळू बोलणं सुरू झालं. गाठ सुटली. रजिस्टर हाताला लागलं. ग्यानोबा एका हातानं ते छातीशी धरून, शिडीकडं तोंड करून, एकेक पायरी उतरू लागले. बाहेर वरिष्ठ अधिकारी बाकावर बसलेल्या असताना धावत उतरावं असं कुठल्याही कारकुनाला वाटेल. नियम नऊ सांगतो, घाई करू नये. ग्यानोबांनी घाई केली नाही.

दार उघडलं. मॅडमनी बघितलं. समोर अव्वल कारकून उभे, डोक्यापासून मिशीपर्यंत धुळीनं पांढरे, ओठाला लाल धागा चिकटलेला, पायात पोरांसारखे बूट. बाजूला सत्तर वर्षांची बाई अजून शिडी धरून उभी.

"तपासणीच्या आधी वापरलीत?" मॅडमनी विचारलं.

"हो, मॅडम. एक नियम मोडला." ग्यानोबांनी मिशीवरची धूळ पुसली. "बाकीचे एकवीस पाळले."

मॅडम शिडीभोवती फिरल्या. पट्ट्या बघितल्या, फरशीला हात लावला, फलकावरची वजनं वाचली आणि मग वरच्या फळीवर अर्धवट सोडलेला बस्ता बघितला.

"बस्ता खाली का नाही आणला?"

"एकशे चार झाले असते."

मॅडमनी एकदा ग्यानोबांकडं आणि एकदा फलकाकडं बघितलं. ओठ घट्ट मिटून त्या जरा वेळ खिडकीकडं वळल्या. परत वळल्या तेव्हा चेहरा अधिकाऱ्याचा होता. "बावीस वर्षांत इथं पहिल्यांदा कुणीतरी नीट चढलंय," त्या म्हणाल्या. "मोडल्याचा खुलासा लेखी द्या. आता ते उघडा."

रजिस्टर निम्मं उर्दूत, निम्मं मराठीत होतं. सदतिसाव्या पानावर, मराठीत, धोंडिबाचं नाव सापडलं. समोर गाव, समोर जात, समोर काम: येसकर. लुंबिनीनं ते आजीला वाचून दाखवलं. सरजाबाईंनी बोट लावलं नाही. जुना कागद, फाटेल म्हणून. नुसत्या वाकून बघत राहिल्या. "हेच सांगायचे मामंजी," त्या म्हणाल्या. "आपलं नाव सरकारात हाय म्हणायचे. आमी हसायचो."

ग्यानोबांनी नक्कल लिहिली. इतकं सुंदर अक्षर त्यांनी नोकरी लागल्यापासून काढलं नव्हतं. मॅडमनी सही केली, शिक्का मारला, घड्याळात बघितलं. पावणेतीन.

"एसटीचा भरवसा नाही," त्या म्हणाल्या आणि ड्रायव्हरला हाक मारली. "यांना लातूरला सोडून या. माझी इथली तपासणी अजून व्हायचीय."

जीप गेली. मग तपासणी झाली, शेषेराव चौथ्या पायरीपर्यंत चढला, डोळे मिटून का होईना, आणि त्याला प्रमाणपत्र मिळालं. शेवटी रजिस्टर जागेवर ठेवायचं राहिलं. ते आपणच ठेवतो, असं ग्यानोबा म्हणाले.

संध्याकाळी सहाला ते अंगणात बसले होते. महामायाताई त्यांच्या कानातली धूळ ओल्या फडक्यानं काढत होत्या आणि लेखी खुलाशात काय लिहायचं ते सांगत होत्या. मोबाइल वाजला. लुंबिनी होती. कागद साडेचारला घेतला, पोच मिळाली, त्रुटी काढून टाकली, असं तिनं एका दमात सांगितलं. "आजीला बोलायचंय," ती म्हणाली.

"साहेब," सरजाबाईंचा आवाज आला. "ते रजिस्टर परत वर ठिवलंत का?"

"ठेवलं, आजी."

"मी तर जीपीत बसले हुते. मंग शिडी कुनी धरली?"

"मॅडमनी."

"त्यास्नी जमलं का नीट?"

"जमलं."

"दोन्ही हातानं धरली हुती?"

"दोन्ही हातांनी."

"मंग बरं," सरजाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.